गुडघे टेकण्यापूर्वी : गुडघेदुखीच्या उपचारांचा इतिहास

वसंतातल्या या व्याख्यानांना पूर्वी मंडपात सतरंज्या अंथरलेल्या असत. मागच्या बाजूस खुर्च्यांच्या दोन रांगा मांडीत, त्या पाहुण्यांसाठी आणि अगदी वृद्ध मंडळींसाठी. आता सतरंजी उरली आहे ती पुढच्या चार मुलांपुरती. बाकी मंडप खुर्च्यांनी भरला आहे, आणि खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी येणारी मंडळी आम्ही दरवर्षी पाहतो. हा बदल केवळ सुबत्तेमुळे झालेला नाही. मांडी घालता येत नाही, घातली तर मोडवत नाही, आणि उठायचे तर शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो, हे त्याचे खरे कारण आहे. पंगतीला टेबले आली, देवळात भिंतीकडेला बाके आली, आणि माडीवर राहणारी माणसे तळमजल्यावर उतरली. या साऱ्याच्या मुळाशी गुडघा आहे.

हे दुखणे बैठे काम करणाऱ्या शहरी माणसांचेच आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली. त्यांत शेकडा अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते. हातापायांचे अनेक सांधे सुजविणारा जो आमवात, त्याचे रोगी शेकडा अर्ध्याच्या आसपास निघाले. पण ज्याला आपण सांध्यांची झीज म्हणतो त्याचे रोगी शेकडा सहाच्या घरात होते. म्हणजे शेतात राबणारे आणि पेढीवर बसणारे असे दोघेही या दुखण्याचे धनी आहेत.

अशा माणसाला आज दोन सल्ले मिळतात. पहिला, ‘गुडघे झिजलेत, आता जपून वापरा.’ दुसरा, ‘फार झिजलेत, बदलून घ्या.’ या दोहोंच्या मध्ये तिसरा एक मार्ग आहे. जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्याच्या देखरेखीखाली मांडीचे स्नायू बळकट करावेत, चालणे सोडू नये, वजन उतरवावे, हा तो मार्ग. तो दिसायला साधा आहे आणि म्हणूनच तो पुष्कळांना खरा वाटत नाही. आम्ही डॉक्टर नाही. इतिहासाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण हे सल्ले आले कोठून, आणि त्यांतला पहिला इतका घट्ट का बसला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : विश्रांतीचा नियम खोटा नव्हता, तो दुसऱ्याच एका रोगाचा नियम होता.

जुन्या ग्रंथांतला गुडघा

हे दुखणे नवे नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन आले आहे. वाऱ्याने भरलेल्या चामडी पिशवीला हात लावावा तसा सुजलेला सांधा हाताला लागतो, आणि तो पसरताना व आखडताना वेदना होतात, असे ते वर्णन आहे. लिहिणाऱ्याने गुडघा हाताने चाचपला होता आणि वाकवून पाहिला होता, हे त्या दोन खुणांवरून स्पष्ट दिसते. उपचार म्हणून तेल, शेक, पोटीस, मर्दन आणि बंधन यांचा निर्देश त्या काळच्या ग्रंथांत मिळतो. आपल्या घरांतून एरंडाचे पान तापवून बांधण्याची आणि निर्गुडीच्या पाल्याने शेकण्याची जी चाल आहे ती याच परंपरेतली.

सुश्रुतसंहितेतील एक गोष्ट याहून लक्षणीय आहे. तळहाताचे हाड मोडून सांधल्यावर हातात पुन्हा बळ यावे म्हणून रोग्याने आधी मातीचा गोळा धरावा आणि ताकद येईल तसा पुढे दगड धरावा, असे तेथे सांगितले आहे. हलक्या भारापासून जड भाराकडे क्रमाने जावे, हे तत्त्व त्यात आहे. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच करावा, असाही त्या संहितेचा दंडक आहे. परंतु येथे अभिमानाने फार पुढे जाण्याचे कारण नाही. मातीचा गोळा सांगितला तो हातासाठी. तोच विचार म्हाताऱ्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्याला लावावा, हे त्यानंतर शतकानुशतके कोणी शास्त्र म्हणून मांडलेले आम्हांस आढळले नाही. तेल आणि शेक घरोघर राहिले; मातीचा गोळा पोथीत राहिला.

एक खरे निरीक्षण आणि त्यातून निघालेली निराशा

आता आपण अठराव्या शतकातील लंडनमध्ये जाऊ, कारण गुडघ्याच्या आतली रचना तेथे बारकाईने पाहिली गेली. विल्यम हंटर या स्कॉटिश शारीरशास्त्रज्ञाने १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. सांध्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत, चिवट अस्तर असते त्याला कूर्चा म्हणतात. या कूर्चेची रचना हंटरने सांगितली, आणि ती एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असेही नोंदवून ठेवले. निरीक्षण खरे होते. गेलेली कूर्चा पूर्ववत वाढवून देईल असे औषध आजही वैद्यकाच्या हाती नाही.

पण खऱ्या निरीक्षणातून माणसे कधी कधी चुकीचा निष्कर्ष काढतात. कूर्चा भरून येत नाही, तर मग ती पुरवून वापरावी, हा निष्कर्ष दिसायला अगदी सरळ आहे. जाते दळून झिजते. गाडीचा आख फिरून झिजतो. तसा गुडघा चालून झिजतो. ‘झीज’ या शब्दातच हा सारा विचार भरला आहे. येथे आम्ही एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. वहाणेचा तळ चालून पातळ होतो. पण अनवाणी चालणाऱ्याचा तळपाय चालून जाड होतो. वहाण निर्जीव कातड्याची आहे, तळपाय जिवंत आहे. गुडघ्याची तुलना यांपैकी कशाशी करावयाची, हाच पुढल्या अडीचशे वर्षांचा वाद होता.

लिव्हरपूलचा हाडवैद्य

विश्रांतीच्या नियमाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती देणारा पुरुष मोठ्या योग्यतेचा होता. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा वेल्समधील अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. तो रीतसर वैद्यक शिकला आणि लिव्हरपूलच्या बंदरात राबणाऱ्या गोरगरिबांत त्याने आयुष्य काढले. नितंब, गुडघा आणि घोटा यांच्या रोगांवरचे त्याचे पुस्तक १८७५ साली निघाले. दुखऱ्या सांध्याला द्यावयाची विश्रांती सक्तीची असावी, तीत खंड पडू नये आणि ती दीर्घकाळ चालावी, असा त्याचा आग्रह असे. पाय हलू नये म्हणून त्याने जी लोखंडी पट्टी तयार केली ती त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

आता हे पाहिले पाहिजे की त्याच्यापुढे येणारे गुडघे कोणते होते. त्या काळी युरोपातील औद्योगिक शहरांत सांध्यांचा क्षय ही सर्रास आढळणारी गोष्ट होती. कॉखने क्षयाचा जंतू दाखविला तो १८८२ साली. आणि त्या जंतूवर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, हाती आले ते १९४३ साली. मधल्या साठ वर्षांत रोग कळला होता, पण त्यावर औषध नव्हते. अशा सांध्याला हालचाल दिली तर रोग चिघळे. स्थिर ठेवले तर पुष्कळदा तो निवे, मग सांधा कायमचा ताठ झाला तरी जीव वाचे. तेव्हा थॉमसचा नियम आपल्या जागी बरोबर होता. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याच्या प्रयत्नाने ती लोखंडी पट्टी मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांना सर्रास लावण्यात येऊ लागली आणि असंख्य प्राण वाचले. विश्रांतीचा दरारा त्यामुळे आणखी वाढला.

दरम्यान क्ष-किरणांचा शोध लागला (१८९५). सांध्याचा क्षय, आमवात आणि उतारवयातील झीज हे वेगवेगळे रोग आहेत, हे छायाचित्रांवरून हळूहळू उलगडू लागले. रोग वेगळे झाले, पण सल्ला जुनाच राहिला. क्षयाच्या सांध्यासाठी केलेला नियम झिजेच्या सांध्यालाही लागू झाला. कोणी आज्ञापत्र काढून तो लावला नाही, सवयीने लागला. दुखते आहे ना, मग हलवू नका, हे सांगायला सोपे आणि ऐकायला गोड होते.

आमच्या घरातला जिना

येथे आम्ही एक घरची गोष्ट सांगतो, आणि ती कोणावर दोष ठेवण्यासाठी सांगत नाही. १९७८ साली आमच्या मातोश्रींचे गुडघे दुखू लागले. वय सत्तावन्न. छायाचित्र काढले, आणि एका भल्या डॉक्टरांनी सांगितले, ‘गुडघे झिजलेत. जिना बंद, मांडी बंद, खाली बसणे बंद.’ आमचे घर जुन्या पद्धतीचे. स्वयंपाकघर आणि ओटी खाली, माडी वर. माडीवर तिच्या लोणच्याच्या बरण्या असत, आणि रस्त्याकडच्या खिडकीतून आषाढात जाणाऱ्या दिंड्या दिसत. ती वर जाणे थांबली. आम्ही भावंडांनी आज्ञा तंतोतंत पाळली. ती उठू लागली की आम्ही म्हणायचो, ‘आई, तू बस, आम्ही आणतो.’ पाणी हातात, ताट हातात, देवाची फुलेसुद्धा हातात.

वर्षभरात तिच्या मांड्या सुकल्या. गुडघा मोठा दिसू लागला, कारण त्याच्या वरचा पाय बारीक झाला होता. मग खुर्चीतून उठताना दोन माणसे लागू लागली. आम्ही समजलो, झीज वाढली. गुडघ्याची झीज किती वाढली होती कोण जाणे. मांडीचे बळ मात्र आमच्या डोळ्यांदेखत गेले, आणि ते आम्ही सेवा म्हणून घालविले. त्यानंतर नऊ वर्षे ती जगली. माडी तिने पुन्हा पाहिली नाही.

हालचालीचा दुसरा प्रवाह

असे असले तरी हालचालीच्या बाजूने बोलणारे लोक त्याही काळी होते. १८१३ साली स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग याने व्यायामशिक्षणाची एक राजमान्य संस्था स्थापिली. तेथून निघालेले शिक्षक रोग्यांना व्यायाम आणि मर्दन शिकवीत युरोपभर पसरले. फ्रान्समध्ये ल्यूका-शाँपियोनियेर या शल्यवैद्याने मोडलेल्या हाडालाही लवकर मर्दन आणि हालचाल द्यावी असे आग्रहाने सांगितले. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मर्दन करणाऱ्या शिक्षित स्त्रियांची एक संस्था काढली. रोझालिंड पॅजेट ही त्यांतली एक. त्या दिवसांत मर्दनाच्या नावाखाली शहरात भलते धंदे चालत. आपल्या कामाची अब्रू राखावी आणि परीक्षा घेऊनच प्रमाणपत्र द्यावे, एवढाच त्यांचा प्रारंभीचा हेतू होता. महायुद्धातून परतलेल्या जखमींनी त्यांचे काम वाढविले. १९२० साली संस्थेला राजाची सनद मिळाली, आणि १९४४ साली तिने फिजिओथेरपी हे नाव धारण केले.

या प्रवाहाला मोजमाप दिले ते दुसऱ्या महायुद्धाने. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. तो लहानपणी सांधेज्वराने खिळला होता आणि पुढे वजने उचलून त्याने आपले शरीर कमावले होते. गुडघ्याला इजा झालेले सैनिक त्याच्याकडे येत. प्लास्टरमध्ये राहून त्यांच्या मांड्या सुकलेल्या असत. त्या वेळची रीत अशी की हलका भार घेऊन पुष्कळ वेळा पाय हलवावा. डीलॉर्मने उलटे केले. पायात लोखंडी जोडा चढवायचा, भार जड घ्यायचा, वेळा थोड्या ठेवायच्या, आणि जमू लागले की भार वाढवायचा. त्याचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. सैनिकांच्या मांड्या भरल्या आणि ते लवकर चालू लागले. सुश्रुताचा मातीचा गोळा आणि डीलॉर्मचा लोखंडी जोडा यांच्यामध्ये शतके गेली. त्यांना जोडणारा धागा कोणी दाखवू शकणार नाही. पण दोघांनाही जिवंत शरीराचा एकच गुण दिसला होता : झेपेल इतके ओझे द्यावे, म्हणजे ते बळावते.

ही विद्या आपल्याकडे आली कशी

महाराष्ट्रात ही विद्या आली ती म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी मात्र नाही. ती आली लहान मुलांच्या पायांसाठी. पोलिओने लुळी पडलेली मुले हा गेल्या शतकाच्या मध्याला मुंबईपुढचा मोठा प्रश्न होता. फातिमा इस्माईल या बाईंच्या मुलीला हा रोग झाला. मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांनी इतरांच्या मुलांसाठीही काम उभे केले. अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था त्यातूनच उभी राहिली. पुढे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले. ते देशातले अशा प्रकारचे पहिले. १९५५ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही स्थापन झाली.

पोलिओच्या बाबतीतही विश्रांती की हालचाल हा वाद झालाच होता. डॉक्टर मुलांचे पाय पट्ट्यांत घट्ट बांधून ठेवीत. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने पट्ट्या सोडल्या, गरम लोकरीने पाय शेकले आणि ते हळूहळू हलविले. १९४० साली ती अमेरिकेत गेली, तेव्हा तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. रोगाविषयीची तिची उपपत्ती पुढे टिकली नाही, पण तिचा उपाय टिकला. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्या विद्येला लहान मुलांनी या देशात आणले, तिच्या दारी आज केस पिकलेली माणसे बसलेली दिसतात.

पुरावा काय सांगतो

आता झिजेच्या गुडघ्याकडे परत येऊ. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधील दोन संशोधकांनी क्ष-किरण छायाचित्रांवरून झिजेच्या प्रती ठरविल्या, शून्यापासून चारपर्यंत. ‘तुमची तिसरी पायरी आहे’ असे जे आज सांगतात ते याच मोजणीवरून. परंतु पुढे लोकांच्या पाहण्या होऊ लागल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. छायाचित्र आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. छायाचित्रात झीज दिसते तो माणूस मजेत चालतो. आणि ज्याचे छायाचित्र बरे तो कण्हतो. १९९७ साली अमेरिकेतील इंडियाना प्रांतात झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की छायाचित्रात झीज आहे पण वेदना नाही, अशांच्याही मांडीचे स्नायू दुबळे असतात. म्हणजे दुखते म्हणून पाय वापरला नाही आणि स्नायू गेले, एवढीच हकीकत नाही. स्नायूंचा दुबळेपणा दुखण्याच्या आधीपासून असू शकतो.

त्याच वर्षी अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४३९ माणसांवर एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांचे गुडघे झिजेचे. काहींना चालण्याचा व्यायाम दिला, काहींना वजने घेऊन स्नायू बळकट करण्याचा, आणि काहींना केवळ माहिती. दीड वर्षाने पाहिले तेव्हा व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची वेदना थोडी कमी होती आणि हिंडणे-फिरणे थोडे सुधारले होते. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ही की छायाचित्रांत तिन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. दीड वर्ष चालून आणि वजने उचलून गुडघे अधिक झिजले नव्हते. आमच्या मातोश्रींना हे सांगायला कोणी असते, तर!

याचे कारण गुडघ्याच्या रचनेत आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि ते मिळते दाब पडून सुटण्याने. स्पंज दाबला की पाणी सोडतो आणि सैल केला की पाणी ओढतो, तसे. पाय हलत राहिला तर हा व्यवहार चालतो. दुसरी गोष्ट मांडीच्या पुढील मोठ्या स्नायूची. पाऊल टेकताना जो हादरा बसतो तो हा स्नायू झेलतो; तो दुबळा झाला की हादरा सरळ सांध्यावर येतो. तिसरी गोष्ट वजनाची. २००५ सालच्या एका मोजणीनुसार शरीराचे एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. दिवसभराची पावले मोजली तर हा हिशेब कोठे जातो ते आपणच पाहावे.

शस्त्रक्रियेची बाजू

शस्त्रक्रियेचा इतिहासही न्यायाने सांगितला पाहिजे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लूक याने १८९० साली हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला. तो क्षयाच्या सांध्यात बसविला होता आणि टिकला नाही. आजच्या कृत्रिम गुडघ्याचे स्वरूप १९७० नंतरच्या दशकात स्थिर झाले. आज ती शस्त्रक्रिया भारतात इतकी होते की २०१७ साली सरकारला कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली. दुसरी शस्त्रक्रिया दुर्बिणीची. १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी याने मृताच्या गुडघ्यात नळी घालून आत पाहिले, तेथून ती सुरू झाली. पुढे झिजेचा गुडघा दुर्बिणीने धुऊन घासून काढण्याची रीत पडली. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रोग्यांवर याची परीक्षा झाली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली. काहींच्या कातडीवर नुसते छेद घेतले आणि शस्त्रक्रियेचा देखावा केला. दोन वर्षांपर्यंत दोघांत फरक पडला नाही. झिजेच्या गुडघ्यासाठीची ती शस्त्रक्रिया त्यानंतर मागे पडू लागली.

गुडघा बदलण्याचे तसे नाही. २०१५ साली डेन्मार्कमधील शंभर रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे शस्त्रक्रियेला योग्य ठरलेले. निम्म्यांचा गुडघा बदलून पुढे व्यायामादी उपचार दिले. निम्म्यांना केवळ ते उपचार. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटाला अधिक आराम होता, हे स्वच्छ आहे. पण गंभीर अपायही त्याच गटात अधिक झाले. आणि दुसऱ्या गटातल्या पन्नासांपैकी तेराच जणांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली. २०२० साली अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील १५६ रोग्यांवरच्या प्रयोगात, वर्षाअखेर गुडघ्यात सुई टोचून घेतलेल्यांपेक्षा भौतिकोपचार घेतलेले अधिक सुखी दिसले. उलट, अलीकडच्या मोठ्या आढाव्यांत व्यायामाचा सरासरी लाभ मध्यम, काहींच्या मते लहानच, ठरला आहे. तेव्हा हा जादूचा कांडा नाही, हे आम्ही मोकळेपणी सांगतो. गुडघा पार वाकडा झाला, रात्रीची झोप गेली, आणि मनापासून केलेल्या व्यायामानेही भागले नाही, तर शस्त्रक्रिया करून घेण्यात कमीपणा नाही. पण क्रम असा असावा : आधी व्यायाम, मग लागली तर शस्त्रक्रिया. इंग्लंडसारख्या देशांतील अधिकृत मार्गदर्शनातही व्यायामाला पहिल्या उपचारांत स्थान दिले आहे.

उपचार कसा असतो

आपण एकदा त्या तज्ज्ञाकडे गेलात, तर तो आधी आपले उठणे, बसणे, चालणे पाहील. मग साध्या गोष्टी सांगेल. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरणे. खुर्चीतून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे. एका पायरीवर चढणे-उतरणे. जमेल तसा भार तो वाढवील. व्यायामाआधी शेक घेतला तरी चालतो. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. थोडे दुखले म्हणून भिऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले, तर मात्र व्यायाम कमी करावा. सहा ते बारा आठवडे नेमाने केल्यावाचून फळ दिसत नाही, आणि सोडून दिले की बळ जाते. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा अडकला किंवा पायावर भार देता येईना, तर व्यायाम करीत बसू नये, तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

इतके सोपे, तर मग लोक करीत का नाहीत? आम्हांस याची दोन कारणे दिसतात. तेल दुसरा चोळतो, गोळी दुसरा देतो, शस्त्रक्रिया दुसरा करतो. व्यायाम मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो. दुसरे कारण आपल्या घरांत आहे. वडीलधाऱ्यांना बसवून ठेवणे यालाच आपण मान समजतो. आमच्याकडून जी चूक झाली ती प्रेमाने झाली, आणि अशी चूक लवकर ध्यानात येत नाही. घरातल्या वृद्धेच्या हातातला तांब्या काढून घेण्याआधी क्षणभर थांबावे. तिला वेळ लागेल, ती भिंतीला हात लावील, वाटेत थांबेल. तरी तिला जाऊ द्यावे, आणि आपण तिच्यामागून चालावे.

श्रोतेहो, आता सभा संपेल आणि आपण सारे उठाल. ज्यांना आधाराची गरज आहे त्यांनी आधार जरूर घ्यावा. पण ज्यांना वाटते की आपल्याला जमेल, त्यांनी दोन्ही हात छातीशी धरून, पाय जरा मागे घेऊन, एकदा नुसत्या मांड्यांच्या बळावर उठून पाहावे. नाही जमले तर पुन्हा बसावे, दम घ्यावा आणि पुन्हा उठावे. हे उद्या सकाळी घरीही करावे. आमचे व्याख्यान येथे संपते.